दोन सर्व्हरचं भाडं, मशीन मात्र एकच

दूध संस्था, पतसंस्था, छोटे दवाखाने चालवणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

आमच्या दूध संस्थेत उत्पादकांची बिलं दर दहा दिवसांनी निघतात. दूध, फॅट, एसएनएफ, घेतलेली उचल, पशुखाद्याची उधारी, सगळं मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये (नोंदी साठवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये). त्यासाठी एका कंत्राटदाराला आम्ही दोन सर्व्हरचं भाडं देत होतो: एक मुख्य, दुसरा त्याची सतत नक्कल ठेवणारा रेप्लिका. ‘एक पडला तरी दुसरा उभा आहे,’ असं तो दर बैठकीत सांगायचा.

डिस्क गेली तेव्हा दोन्ही एकदम बंद पडले. एकाच मशीनवर दोन इन्स्टन्स होते, म्हणजे तेच डेटाबेस सॉफ्टवेअर दोनदा चालू होतं, एक ३३०६ पोर्टवर (जोडणीच्या क्रमांकावर), दुसरा ३३०७ वर. डेटा डिरेक्टरी (नोंदींचे फोल्डर) दोन, पण डिस्क तीच. रेप्लिकेशन (नक्कल होत राहणं) खरोखर चालू होतं, म्हणून तो दाखवायचा त्या स्क्रीनवर सगळं सुरळीत दिसे. शेवटी संकलन केंद्रावरच्या छापील पावत्यांवरून नोंदी पुन्हा भरल्या. दुधाच्या पैशावर ज्यांचा किराणा येतो, त्यांना तोवर थांबावं लागलं. याचा संताप अजून जात नाही.

एका मशीनवर अनेक इन्स्टन्स चालवण्यात गैर काही नाही. चाचणीसाठी किंवा जुनी-नवी आवृत्ती शेजारी ठेवायला सर्रास चालवतात. पोर्ट, सॉकेट (त्याच मशीनवरून जोडायची वाट) आणि डेटा डिरेक्टरी वेगळी दिली की झालं. पण मेमरी आणि डिस्क सगळ्यांत वाटली जाते. रेप्लिकावर मोठा रिपोर्ट काढला की आमचं मुख्य कामही मंदावायचं. कंत्राटदार नेटवर्कला दोष द्यायचा.

तुम्ही भाडं भरत असाल तर दोन्हीकडे होस्टनेम (मशीनचं नाव) विचारणारी क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारायचा प्रश्न, चालवा. एकच नाव आलं तर लगेच जाब विचारा. वेगळं आलं तरी विसंबू नका, कारण एकाच मशीनवरचे डॉकर कंटेनर किंवा व्हर्च्युअल मशीन (एका मशीनच्या आत सॉफ्टवेअरने केलेले वेगळे कप्पे) हेही वेगवेगळी नावं दाखवतात. सर्व्हर यूयूआयडी (सॉफ्टवेअर स्वतःला देतं तो ओळख क्रमांक) तर प्रत्येक इन्स्टन्सचा वेगळाच असतो. आम्हाला तोच पुरावा म्हणून दाखवला होता! मशीनचे आणि डिस्कचे सिरियल नंबर लेखी घ्या. आणि सुट्टीच्या दिवशी मुख्य मशीन तुमच्यासमोर पूर्ण बंद करायला लावून रेप्लिकावरून एक बिल काढून पाहा.

आता तो म्हणतो, करारात ‘दोन सर्व्हर’ आहे, ‘दोन मशीन’ कुठे आहे? पण त्याच्याच बिलांत दुसऱ्या मशीनची वीज आणि जागेचं भाडं लावलेलं आहे. त्या बिलांच्या प्रती जोडून आम्ही वकिलामार्फत नोटीस पाठवली आहे.