भाड्याची सायकल, तिळारीचा कालवा आणि चार फेरीबोटी

सायकल भाड्याने देणारा पहिला प्रश्न कोणता विचारतो, त्यावरून त्याचं दुकान कळतं. दोन वर्षांपूर्वी किनाऱ्याकडच्या एका ठिकाणी मला फक्त "किती दिवस?" एवढंच विचारलं होतं. ती सायकल घेऊन निघाले आणि पहिल्याच उतारावर मागच्या ब्रेकचा खटका पार हँडलला टेकला. गोव्यात म्हापशातल्या या दुकानात मालकाने पैशांचं काढायच्या आधी विचारलं, "बाई, जाणार कुठे?"

मी सांगितलं, अस्नोड्यावरून कालव्याच्या कडेने डिचोली, तिथून हरवळे, रात्री मावशीकडे मुक्काम. दुसऱ्या दिवशी मये, नार्वे आणि नदी ओलांडून दिवाडी. त्याने सायकल स्टँडवर चढवली आणि मागची कॅसेटच, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चक्र्यांचा संचच, काढायला घेतली.

दुकानाचं नाव देत नाही, कारण त्यानेच तसं सांगितलं. सात-आठ सायकली आहेत, गर्दी झाली तर प्रत्येक सायकल तपासून देणं जमणार नाही म्हणाला. म्हापशाच्या बाजारात गिअरच्या सायकलींबद्दल दोघांना विचारा, तिसरा तिथे नेऊन सोडील.

कॅसेट का बदलली, ते सांगायला हवं, कारण या दुकानाचं मोल तिथेच आहे. सायकलला पुढे ५० आणि ३४ दात्यांच्या चक्र्या होत्या, मागे ११ ते २५. सगळ्यात हलक्या गिअरवर पेडलची एक फेरी मारली की सायकल जवळपास ३ मीटर पुढे जाते. सपाटीला हे छान. पण डिचोली तालुक्यात रस्ता टेकडीला वळसा घालत नाही, सरळ अंगावर घेतो. मागे ३२ दात्यांची चक्री आली की तीच फेरी सव्वादोन मीटरवर येते. माझं वय अठ्ठेचाळीस, उजवा गुडघा जिने चढताना बोलतो. तो फरक मला हरवळ्याच्या चढावर, उतरून ढकलायची वेळ न येता, वर घेऊन गेला.

टायरही त्याने २५ मिलिमीटरचे काढून २८ चे लावले, हवा थोडी कमी ठेवली. कालव्याच्या रस्त्यावर बारीक खडी असते, तिथे दगडासारखं टणक चाक हाताची मनगटं सोलून काढतं. मग मला सीटवर बसवून टाच पेडलवर ठेवायला लावली, पाय खाली सरळ झाला तेव्हा सीटचा बोल्ट आवळला. या सगळ्याला पाऊण तास लागला. दिवसाचे ७०० रुपये, २,००० अनामत आणि ओळखपत्राची झेरॉक्स. जास्तीची ट्यूब, टायर काढायच्या दोन पट्ट्या, एलन की आणि हातपंप सीटखालच्या पिशवीत.

आता वाटेबद्दल.

तिळारीचं धरण दोडामार्ग तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात, पण प्रकल्प दोन्ही राज्यांचा. त्याचा कालवा गोव्यात उतरतो आणि बार्देशच्या, म्हणजे म्हापशाच्या तालुक्यातल्या, नळांना येणारं बरंचसं पाणी अस्नोड्याच्या शुद्धीकरण प्रकल्पात याच कालव्यातून येतं. म्हापशात मी रोज ज्या पाण्याने चहा करते, त्याच्याच बाजूने त्या सकाळी सायकल चालवत होते, हे अस्नोड्याला पोचल्यावर लक्षात आलं आणि मी काही वेळ थांबूनच राहिले.

कालव्याच्या कडेचा रस्ता सायकलवाल्यासाठी वेगळीच गोष्ट आहे. पाणी फक्त उताराच्या जोरावर वाहत असतं, आणि तो उतार किलोमीटरमागे वीतभर असला तरी कालव्याला पुरतो. म्हणून कालवा डोंगराच्या कुशीकुशीने, एकाच उंचीवर राहून वळणं घेत जातो. शेजारचा गावरस्ता धापा टाकत चढतो आणि उतरतो, आणि आपण मात्र चढ-उतार न लागता त्याच डोंगरातून जात असतो. खालच्या बाजूला जानेवारीतलं वायंगण, म्हणजे उन्हाळी भात, नुकतं लावलेलं, पोपटी. वरच्या बाजूला काजू, मोहोराचा तो गोडसर, किंचित उग्र वास. सकाळी सातला पाण्यावर धुकं होतं आणि चेनच्या आवाजाशिवाय दुसरा आवाज नव्हता. मध्येच ओढा लागतो, तिथे कालवा त्याच्या डोक्यावरून जलसेतूने पलीकडे जातो. खाली उतरून त्या खांबांखाली उभी राहिले. वरून एक नदीच चालली आहे, असं वाटतं.

रस्ता सगळीकडे सलग नाही. काही ठिकाणी डांबर संपून तांबडी माती लागते, काही ठिकाणी गावरस्त्यावर यावं लागतं. पावसाळ्यात इकडे येऊ नये.

आणि इथेच पंक्चर झालं. कुंपणाच्या काटेरी फांदीचा काटा मागच्या टायरात आरपार. ट्यूब बदलणं मला येतं, बदललीही. पण पंप लावायला गेले तर बसेना. ट्यूबचा वॉल्व बारीक तोंडाचा, प्रेस्टा, आणि पंपाचं तोंड मोटरसायकलच्या जाड वॉल्वचं. ज्या माणसाने माझ्या गुडघ्यासाठी कॅसेट बदलली, त्याने पंप मात्र वॉल्वला लावून पाहिला नव्हता. डिचोलीपर्यंत चार किलोमीटर सायकल हाताने धरून चालले. ऊन चढत होतं, डोळ्यांत पाणी आलं, ते रागाचं होतं.

डिचोलीच्या बाजारात एका वयस्क मेकॅनिककाकांनी डबा उघडून खिळ्यांमधून एक पितळी टोपी शोधून काढली. हरभऱ्याएवढी, आतून आटे पाडलेली. ती बारीक वॉल्ववर फिरवली की कुठल्याही गॅरेजच्या कंप्रेसरने हवा भरता येते. वीस रुपये घेतले. "ही पर्समध्येच ठेव गो बाय," म्हणाले. तेव्हापासून ती घराच्या किल्ल्यांच्या जुडग्यात आहे. रोड सायकल भाड्याने घेणाऱ्या प्रत्येकाने दुकानातून निघण्याआधी पंप वॉल्वला लावून बघावा.

त्यानंतर पातळ भाजी, पाव आणि मिरची भजी. तेवढ्याने राग उतरला.

डिचोली ते साखळी रस्त्याबद्दल फार लिहित नाही. अवजड गाड्या आहेत, कडेला जागा कमी, लवकर उरकावा. हरवळ्याकडे वळलं की सगळं शांत होतं. तिथली लेणी जांभ्या दगडात खोदलेली, साधारण सहाव्या-सातव्या शतकातली. पाच खोल्या, आत शिवलिंगं. लोक पांडवांची लेणी म्हणतात. आपल्या घराच्या भिंतीला जो चिरा असतो, तोच हा दगड, म्हणून भिंतीवर हात फिरवला की ओळखीचं वाटतं. छिन्नीच्या जागी आता शेवाळाचे पोपडे आहेत. जवळच रुद्रेश्वराचं देऊळ आणि धबधबा. जानेवारीत धार बारीक होती, पण पायऱ्या उतरून गेलं की अंगावर गारवा येतोच. धबधबा भरलेला पाहायचा असेल तर पाऊस संपता संपता जावं, त्याच फेरीत कालव्याचं मात्र काही खरं नाही.

दुसरा दिवस मला जास्त आवडला.

मये तलावावर पाच मिनिटं थांबले. तिथून नार्व्याकडे रस्ता झाडीतून खाली उतरतो आणि सप्तकोटेश्वराचं देऊळ अचानक समोर येतं, डोंगराच्या पायथ्याशी दडल्यासारखं. कदंब राजांचं हे दैवत मुळात नदीपलीकडे दिवाडी बेटावर होतं. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते देऊळ पाडलं तेव्हा भक्तांनी लिंग नदीपार करून इकडे आणलं. पुढे १६६८ साली शिवाजी महाराजांनी इथल्या देवळाचा जीर्णोद्धार करवला. दारावरच्या शिलालेखात शके १५९० आहे. मी शाळेत हा शक कितीदा फळ्यावर लिहिला असेल. तिथे उंबऱ्याशी उभं राहून मान वर करून तो वाचताना मात्र आवाज बसला. घामेजलेली, हातात हेल्मेट. तिथल्या एका आजीने मला पाणी दिलं. "उदक पिवन वच," म्हणाली.

२०२३ मध्ये देवळाचं नूतनीकरण पूर्ण झालं. उतरती कौलं, घुमट आणि समोर दीपस्तंभ, सगळं स्वच्छ आहे. पायताण काढायच्या जागेशी सायकल टेकवता येते.

देवळाकडून धक्क्यावर आले आणि फेरीबोटीत चढले. पाच-सात मिनिटांचं अंतर. लिंग ज्या नदीवरून इकडे आणलं, तीच मी उलट दिशेने ओलांडत होते. दिवाडीवर उतरल्यावर मूळ जागेजवळ कोटितीर्थाची तळी आजही आहे. तिथे फारसं कोणी येत नाही, पाटी शोधावी लागते. नदीच्या एका तीरावर उभं देऊळ, दुसऱ्यावर फक्त पाण्याची तळी. मध्ये आपण सायकल घेऊन बोटीत उभे. गोव्याचा इतिहास मला कुठल्या पुस्तकाने इतका जवळून दाखवला नव्हता.

दिवाडीवरच्याच पिएदादच्या टेकडीवर चर्चपर्यंतचा चढ छोटा पण उभा आहे, ३२ ची चक्री पुन्हा कामी आली. वरून मांडवी आणि पलीकडे जुन्या गोव्याची शिखरं दिसतात. तिकडे न जाता मी दिवाडी–रायबंदर, रायबंदर–चोडण आणि चोडण–पोंबुर्फा अशा आणखी तीन फेरीबोटी घेतल्या. परतीला पणजी–म्हापसा महामार्ग टाळायचा असेल तर हीच वाट धरा.

चोडणला खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतांच्या, बांधावरून जाताना मानशीपाशी थांबाच; मानस म्हणजे बांधातला पाण्याचा दरवाजा. लाकडी दारं, कुणी हात न लावता चालणारी. भरती आली की खारं पाणी बाहेरून दार रेटून बंद करतं, म्हणून शेतात शिरत नाही. ओहोटी लागली की आतलं पाणी दार ढकलून बाहेर जातं. मी होते तेव्हा ओहोटीची सुरुवात होती. दाराच्या फटीतून आधी बुडबुडे आले, मग चिखलाची एक रेघ, मग दार कुरकुरत बोटभर उघडलं. कालव्याच्या सिमेंटच्या दरवाजांना चावी लागते, माणूस लागतो. हे दार चंद्र उघडतो.

दोन दिवसांचं अंतर मिळून ऐंशी किलोमीटरच्या आतच भरलं. सायकल परत देताना पंपाचं सगळं सांगितलं. मालकाने सबब सांगितली नाही. सगळ्या पिशव्या टेबलावर उपड्या केल्या, प्रत्येक पंप प्रत्येक ट्यूबला लावून बघितला, आणखी एक जुळत नव्हता. एका दिवसाचं भाडं परत द्यायला निघाला, मी निम्मं घेतलं.

रोड सायकल कधीच चालवली नसेल, तर हरवळे सोडून फक्त मये–नार्वे–दिवाडी करा, तेवढं नक्की झेपेल. पाण्याच्या दोन बाटल्या घ्या आणि फेरीबोटीसाठी हातात वेळ ठेवा. मार्चपासून ऊन सोसवत नाही, आणि तोवर वायंगणही पिवळं पडायला लागतं.