वीस वर्षांनी विंडसर्फिंग, सेकंडहँड सेट आणि उजनीचं मायनस पाणी

आधीच सांगतो, मी काय एक्स्पर्ट बिक्स्पर्ट नाही. 2001 ते 2005 गोव्यात नोकरीला होतो तेव्हा दर रविवारी दोनापावलाच्या बाजूला विंडसर्फिंग करायचो, म्हणजे शीड लावलेल्या बोर्डावर उभं राहून वाऱ्यावर पाण्यातनं जायचं, मग वडलांची तब्येत बिघडली, सोलापूरला आलो, अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं टॉवेलचं युनिट, त्यात जो अडकलो ते गेल्या वर्षी पोरगा बारावी झाल्यावरच मान वर काढली. वजन तेव्हा 64, आता 86. हा आकडा मुद्दाम सुरुवातीलाच टाकतोय कारण पुढचं सगळं रडगाणं त्याच्यावरच आहे.

तर हा रिव्ह्यू मी घेतलेल्या सेकंडहँड सेटचा. 160 लिटरचा बोर्ड, 6 चौरस मीटरचं शीड, 430 सेमीचा मास्ट म्हणजे शिडाची काठी, बूम म्हणजे हातात धरायची आडवी दांडी, आणि हार्नेस म्हणजे अंगाला बांधून शिडाचा ओढा घ्यायचा पट्टा. बोर्ड आणि मास्ट गोव्यात एकाकडनं उचलले, शीड आणि हार्नेस नवीन मागवलं, फिन, म्हणजे बोर्डाच्या शेपटीखालचं पातं, नंतर घेतलं. सगळं मिळून सव्वा लाखाच्या आत बसलं. कंपन्यांची नावं मुद्दाम देत नाही, कारण नावावर भांडत बसायचं आणि लिटर बघायचेच नाहीत ही चूक मीच करत होतो.

पहिले दोन महिने 110 लिटरचा एक देखणा बोर्ड डोक्यात बसलेला. आपल्याला येतंय की, शिकाऊ बोर्ड कशाला, असं वाटत होतं. मग एका रात्री हिशोब मांडला. 1 लिटर म्हणजे साधारण 1 किलो तरंगणार. मी 86, बोर्ड स्वतः 11-12, शीड मास्ट बूम मिळून 8-9, झाले 106. म्हणजे वारा पडला की 110 वाला बोर्ड मला घेऊन जवळजवळ पाण्याखाली, उभं राहून शीड ओढायचा प्रश्नच नाही, पाण्यात पडल्यापडल्या वाऱ्याच्या जोरावर उठायला जमलं पायजे, आणि ते मला 64 किलोचा होतो तेव्हाही दहातनं चारदाच जमायचं. 160 मध्ये पन्नासेक लिटर उरतात, तेवढ्यावर गुडघे लटलट करत असले तरी उभं राहता येतं.

आणि रुंदी. गोव्यात आम्ही चालवायचो ते जुने मिस्ट्रल वन डिझाइन, 3.72 मीटर लांब, निमुळते, 1996 ते 2004 ऑलिंपिकला तोच क्लास होता. आताचे बोर्ड अडीच मीटर लांब आणि 80 सेमी रुंद, पहिल्यांदा बघून मला पोळपाट आठवला. पण उभं राहिलो आणि कळलं की ह्या वीस वर्षांत खरी सोय कुठली झाली असेल तर ही. पहिल्या दिवशी मी अकरा वेळा पडलो, जुन्या बोर्डावर पन्नास वेळा पडलो असतो.

एक गोष्ट सोडू नका, मधलं डॅगरबोर्ड. बोर्डाच्या पोटातनं खाली जाणारं पातं. ते नसेल तर हलक्या वाऱ्यात तुम्ही वाऱ्याबरोबर वाहत जाता आणि मग सगळं सामान डोक्यावर घेऊन काठाकाठानं चालत परत. समुद्रावर वाळू असते, ठीक आहे. आमच्या उजनी धरणाच्या काठाचा गाळ ज्याने तुडवलाय त्याला विचारा, चप्पल तर जातेच, वर पोटरीपर्यंत काळं.

आता शीड. (सेल लिहिलं की आमच्याकडं लोकांना दिवाळी सेल आठवतो म्हणून शीडच लिहितो.) धंदा कापडाचा असल्यानं माझा हात आधी शिलाईवर जातो. सेकंडहँडमध्ये तीन शिडं बघितली, तिन्ही मोनोफिल्मची, म्हणजे विणलेलं कापड नाही, उभा धागा नाही आडवा नाही, नुसता पारदर्शक प्लास्टिकचा पत्रा. उन्हात राहून हे पिवळट आणि कडक होतं, दुमडलं की पांढरी रेघ उमटते, आणि एकदा चीर गेली की वरपासून खालपर्यंत फाटत जाते कारण अडवायला धागाच नाही. आपल्याकडं मेमध्ये पारा 43-44 ला जातो, डिकीत ठेवलेलं शीड किती टिकणार. म्हणून आत धाग्यांची जाळी असलेलं एक्स-प्लाय घेतलं, थोडं जड आहे, चालतं. बोर्ड जुना घ्या, ठोकलेला असला तरी डिंग म्हणजे पडलेला खड्डा भरता येतो, फक्त डेक, म्हणजे उभं राहायची वरची बाजू, अंगठ्यानं दाबून बघा, मऊ लागला तर सोडून द्या. शीड मात्र जुनं स्वस्तात मिळतंय म्हणून घेऊ नका.

मास्टची भानगड वेगळी. शिडाच्या खालच्या कोपऱ्यात सगळं छापलेलं असतं, लफ म्हणजे मास्टाकडची कड किती, बूम किती, कुठला मास्ट. माझ्यावर लफ 445 आणि मास्ट 430 लिहिलंय, म्हणजे खाली 15 चं एक्स्टेन्शन. इथंच घोळ झाला. मास्ट दोन जातीचे, जाड एसडीएम आणि बारीक आरडीएम, खालचं एक्स्टेन्शन जाड्याला 48 मिमीचं, बारक्याला 32 मिमीचं. माझा मास्ट बारीक आणि पार्सलमधनं आलं जाडं. ज्यानं पाठवलं त्याचं म्हणणं, तुम्ही सांगितलं नाही. मी सांगितलं होतं. जाऊ दे, पण आठ दिवस वारा सुटलेला आणि मी टेरेसवर मास्टाकडं बघत बसलेलो. कार्बनचे टक्के बघून घाबरू नका, आपल्या वयाला 30-50 टक्केवाला पुरतो. दोन तुकड्यांत येतो म्हणून गाडीतही बसतो, टपावर फक्त बोर्ड. सावळेश्वरच्या टोलवर दर वेळी विचारतात हे काय आहे. मित्र तर म्हणाला, काय बे, उजनीत चादर वाळत घालायला चाललास काय.

सगळ्यात मोठा फरक कशानं पडला सांगू? एका दोरीनं. गोव्यात आम्ही शीड बूमच्या बाजूनं कचकचून ताणायचो आणि खालची दोरी, डाउनहॉल, नावाला ओढायचो. पहिल्या दिवशी उजनीवर मी तसंच बांधलं. शीड जड, झोत आला की हातातनं ओढून न्यायचं, दंड भरून आले, म्हटलं संपलं आपलं, वय झालं. घरी येऊन लेबल परत वाचलं. आताच्या शिडांना डाउनहॉल भरपूर लागतो, इतका की वरच्या टोकाजवळची मागची कड सैल पडून फडफडायला पायजे, ती सैल कड झोत आला की उघडते आणि जादा वारा सोडून देते. दिसायला बिघडल्यासारखं दिसतं आणि तसंच बरोबर असतं. नुसत्या हातानं ओढणं होत नाही, मी पान्याला दोरी गुंडाळून पाय लावून ओढतो. पुढच्या रविवारी तेच शीड, तोच मी, आणि सलग चाळीस मिनिटं पाण्यावर. दंड काय आठ दिवसांत तरुण झाले नव्हते.

हार्नेस कमरेचं घेऊ नका, पोट असेल तर ते वर सरकून बरगड्यात बसतं. मी बसका, सीटवाला घेतला. हार्नेसचा हूक अडकवायच्या बूमवरच्या दोऱ्या पण आता लांब वापरतात, आम्ही 20 इंची वापरायचो, माझ्या आता 28.

फॉइलबद्दल, म्हणजे बोर्डाखाली खांबाला लावलेल्या पंखाबद्दल, पोरगा मागं लागला होता, 2024 च्या ऑलिंपिकला तोच क्लास होता, बोर्ड पाण्यावरनं उचलला जातो, बघायला लै भारी. पण ऑलिंपिकच्या फॉइलचा खांब 95 सेमी खाली असतो. आपल्याकडं खरा वारा जून-जुलैत, आणि नेमकी तेव्हाच उजनी मायनसमध्ये, म्हणजे वापरायचा साठा संपून पाणी तळाला. धरणात बुडालेलं पळसदेवचं देऊळ वर आलेलं असतं, म्हणजे बाकीच्या भिंती, बाभळीची खोडं पाण्याखाली कुठं कुठं असतील बघा. म्हणून मी साधं फिनही बदललं, बोर्डाबरोबर आलेलं 40 सेमीचं काढून मागं झुकलेलं आखूड वीड फिन लावलं, शेवाळ आणि जाळ्याची दोरी त्यावरनं घसरून जाते. घेताना आपल्या बोर्डाच्या फिनबॉक्सचा, म्हणजे फिन बसते त्या खाचेचा प्रकार बघून घ्या, सगळे सगळ्यात बसत नाहीत.

लाइफ जॅकेटवर मात्र काटकसर नाही. मे 2024 ला उजनीतच कुगाव-कळाशीची बोट वादळी वाऱ्यात उलटली, सहा माणसं गेली. वळवाचं आभाळ दिसलं की मी पाण्यात उतरतच नाही, वारा कितीही छान असू दे. जाताना धरणाच्या लोकांना विचारून आणि काठावरच्या मच्छीमारांना सांगून जातो, जाळी कुठं टाकलीत तेही तेच सांगतात.

आता दिवाळीनंतर पाणी काठोकाठ आहे आणि वारा नाही. 6 चं शीड नुसतं लोंबतंय. 7 किंवा साडेसातचं कुणाकडं पडलं असेल तर कळवा, मास्ट 460 चा लागेल तोही सोबत असला तर बरं, आणि आरडीएम का एसडीएम ते फोटो काढून पाठवा, तोंडी नको.