शीराझचं आरशांचं पदक: दहा महिन्यांनंतर

शीराझच्या शाह चेराग दर्ग्यात पाऊल टाकलं आणि वर बघतच राहिले. छत, कमानी, भिंती, जिकडे तिकडे आरशाचे बारीक तुकडे. एवढे आरसे असून स्वतःचा चेहरा कुठेच दिसत नाही, दिसतो तो नुसता उजेड. या कामाला इराणात आईनेकारी म्हणतात. दुसऱ्या दिवशी वकील बाजारात तसंच काम केलेलं, गळ्यात घालायचं चांदीचं पदक दिसलं आणि ते घेतल्याशिवाय माझा पाय निघेना.

मधोमध दहा टोकांची चांदणी, भोवती पतंगाच्या आकाराचे तुकडे. रेषांच्या या गुंफणीला तिकडे गिरिह म्हणजे गाठ म्हणतात. इस्फहानच्या दर्ब-ए-इमाम या वास्तूवर अशी नक्षी १४५३ सालची आहे. माझ्या पदकावरच्या रेषा कडेला तुटतात पण संपत नाहीत, मोठ्या भिंतीतून तेवढाच तुकडा उचलून आणावा तशा. मला त्यातलं हेच सगळ्यात आवडतं.

मी दुबईत राहते, आठवड्यातून तीन-चारदा ऑफिसला घालते. वजन जाणवत नाही. कोंदणाच्या एका कोपऱ्यात ओढणीचा धागा अडकतो. चौथ्या महिन्यात मात्र दोन तुकड्यांच्या कडा काळ्या पडल्या. घामाची ओल आरशामागच्या थरात शिरली की तो काळवंडतो. वरची चांदी पुसून उजळते, हा डाग कायमचा. तेव्हापासून अत्तर आधी, पदक सगळ्यात शेवटी. पाण्यात किंवा चांदी उजळायच्या द्रावणात बुडवत नाही, फक्त कोरडं सुती कापड.

सातव्या महिन्यात एक तुकडा निखळला. सुट्टीत ठाण्याला गेले तेव्हा आमच्या नेहमीच्या सोनारकाकांनी नवा बसवला. माप अगदी अचूक, तरी काहीतरी बिनसलं होतं. दोन दिवस निरखल्यावर कळलं, जुने सगळे तुकडे किंचित कललेले आहेत, प्रत्येकाचा कल वेगळा. म्हणून मान वळवली की ते एकामागून एक लकाकतात. नवा तुकडा सपाट होता, त्यात खोलीतला पंखा स्पष्ट दिसायचा.

पुन्हा गेले. "काका, जरा तिरका बसवाल का?" त्यांनी पदक दिव्याखाली धरून बराच वेळ फिरवलं, मग एका कडेखाली चिकटद्रव्याचा जाड थेंब देऊन तुकडा बसवला. आता तोही बाकीच्यांबरोबर लकाकतो.

घेणार असाल तर विक्रेत्याकडून चार-पाच सुटे तुकडे मागून घ्या. मी घेतले नव्हते.