विझट्री, आठ महिन्यांच्या वापरानंतर: माझा सी ड्राइव्ह कोण खात होतं?

मी घरून डीटीपीचं काम करते. सदाशिव पेठेत दुसऱ्या मजल्यावरची एक खोली, त्यात असेंबल केलेला संगणक, २५६ जीबीची एसएसडी, ८ जीबी रॅम आणि एक लेझर प्रिंटर. वर्षभर पुस्तकं, पत्रिका, सोसायट्यांचे अहवाल असतात. आषाढ लागला की दिवाळी अंक सुरू होतात. गेल्या वर्षी नेमकं तेव्हाच, एका अंकाचं मुखपृष्ठ सेव्ह करताना पाटी आली: डिस्कवर जागा नाही.

सगळे करतात तेच मीही केलं. डाउनलोड्स रिकामं केलं, रिसायकल बिन ओतला, भाच्याच्या लग्नाचे फोटो बाहेरच्या ड्राइव्हवर हलवले. १४ जीबी सुटले. हुश्श म्हणून कामाला बसले. दहाएक दिवसांत पुन्हा तीच पाटी!

मग मी एक वही घातली. सकाळी संगणक लावला की सी ड्राइव्हवर किती मोकळं आहे ते लिहायचं, रात्री बंद करताना पुन्हा लिहायचं. दिवसाला साधारण १.४ ते १.५ जीबी गायब होत होते. काम केलं तरी तेवढेच, नुसता संगणक चालू ठेवून मी स्वयंपाकघरात असले तरी तेवढेच. मधे चार दिवस चिपळूणला गेले होते, संगणक बंद होता. आल्यावर पाहिलं तर आकडा जागचा हलला नव्हता. म्हणजे माझ्या फायलींचा यात संबंध नव्हता. संगणक चालू असेपर्यंत आत कुणीतरी एकसारखं काहीतरी लिहीत बसलं होतं. ही वही मी कुणालाही सुचवेन. नंतर डाउनलोड केलेल्या कुठल्याही सॉफ्टवेअरइतकाच तिचा उपयोग झाला.

दुसरं कोडं बेरजेचं. सी ड्राइव्हमधली सगळी फोल्डर निवडून प्रॉपर्टीज पाहिल्या तर १०२ जीबी भरले. ड्राइव्ह मात्र २३० वापरले म्हणत होता. (२५६ ची डिस्क विंडोजमध्ये २३८ दिसते, त्यात फसवणूक नाही. डिस्क बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात, विंडोज १०२४ च्या.) मग मधले १२८ जीबी कुठं गेले? व्हायरसची शंका आली, रात्रभर स्कॅन लावला, काही सापडलं नाही. ओळखीच्या दुरुस्तीवाल्याकडे गेले. तो म्हणाला, "मॅडम, आता २५६ कुणाला पुरतं? ५१२ टाकून घ्या." मी पर्स उघडलीही होती. मग वाटलं, रांजणाला भोक असेल तर मोठा रांजण आणून काय होणार? तोही भरेल, एवढंच की दिवाळीनंतर भरेल.

भाचा हिंजवडीत नोकरी करतो. त्याला फोन केला. "मावशी, तू आता काहीही डिलीट करू नकोस. आधी विझट्री टाक आणि अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालव."

टाकलं. डिस्कवर कशानं किती जागा अडवलीय ते दाखवणारं हे सॉफ्टवेअर. अर्ध्या मिनिटाच्या आत अख्खा सी ड्राइव्ह समोर मांडून दिला. एवढ्या झटपट कसं, तर ते फोल्डर उघडत बसत नाही. एनटीएफएस या विंडोजच्या नेहमीच्या पद्धतीच्या डिस्कवर प्रत्येक फाइलची नोंद असलेलं एक मास्टर टेबल असतं, विझट्री थेट तेच वाचतं. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर पानं न उलटता अनुक्रमणिका वाचायची. म्हणूनच जी फोल्डर एरवी लपलेली असतात किंवा आपल्याला आत येऊ देत नाहीत, त्यांचंही वजन कळतं. माझी १०२ ची बेरीज तिथंच चुकली होती. लपवलेली फोल्डर दिसतच नव्हती, तर ती निवडली कुठून जाणार?

खाली रंगीत चौकोनांचा नकाशा येतो, त्याला ट्रीमॅप म्हणतात. जेवढी फाइल मोठी तेवढा चौकोन मोठा. हा नकाशा मुळात माझ्यासारख्याच रडगाण्यातून निघाला हे वाचून फार बरं वाटलं. १९९० साली मेरिलँड विद्यापीठात बेन श्नायडरमन यांच्या प्रयोगशाळेतली ८० मेगाबाइटची डिस्क १४ जण मिळून वापरत होते. ती भरली आणि जागा कुणी अडवलीय ते कळेना, म्हणून त्यांनी ही मांडणी शोधली. ८० मेगाबाइट! माझं एक मुखपृष्ठ त्याहून मोठं असतं.

माझ्या नकाशात जवळजवळ अर्धा पडदा एकाच चौकोनानं व्यापला होता. एकच फाइल, ११८ जीबीची. ती प्रोग्रॅमडेटा या लपलेल्या फोल्डरमध्ये होती, आणि त्यातही माझ्या जुन्या प्रिंटरच्या मदतनीस प्रोग्रॅमच्या फोल्डरमध्ये. नोटपॅडनं एवढी फाइल उघडायला साफ नकार दिला. भाच्यानं फोनवरून पॉवरशेल या विंडोजच्या आज्ञा लिहायच्या खिडकीत 'गेट-कंटेंट' लिहून त्यापुढं 'टेल' आणि २० असं लिहायला लावलं, म्हणजे फक्त शेवटच्या वीस ओळी दिसतात. वीसच्या वीस ओळींत एकच रडगाणं: उपकरण सापडत नाही. नोंदींच्या वेळा पाहिल्या तर सेकंदाला पंधरा-सोळा नोंदी, आणि प्रत्येक नोंद दोनेक किलोबाइटची. दिवसाचे बारा तास संगणक चालू धरला तर दीड जीबीच्या जवळ जातं. वहीतला आकडा जुळला.

उपकरण सापडणार कसं? ते माळ्यावर होतं. अक्षय्य तृतीयेला नवा प्रिंटर घेतला आणि जुना कापडात गुंडाळून वर टाकला. त्याचं सॉफ्टवेअर काढायचं मात्र मला सुचलंच नाही. ते बिचारं तेव्हापासून दर सेकंदाला माळ्याकडे हाका मारत होतं आणि ओ आली नाही याची इमानेइतबारे नोंद करत होतं. ११८ ला रोजच्या हिशेबानं भागलं, चिपळूणचे चार दिवस धरले, आणि फाइल सापडली त्या दिव्यांच्या अवसेपासून मागं मोजत गेले. बरोबर अक्षय्य तृतीयेच्या आसपास येऊन पोचले.

फाइल सरळ डिलीट होईना, कारण तिच्यात लिहिणं चालूच होतं. कंट्रोल पॅनेलमधून प्रोग्रॅम काढला तरी त्याची सर्व्हिस, म्हणजे पडद्यामागं चालणारा भाग, मागं राहिली. सर्व्हिसेसच्या यादीत ती शोधून थांबवली, स्टार्टअप 'डिसेबल्ड' केलं, मग फाइल उडवली. मोकळी जागा ८ वरून १२६ झाली. ५१२ चे पैसे वाचले, त्यात पुढं यूपीएसची बॅटरी बदलून झाली.

हरवलेल्या १२८ मधले उरलेले दहाएक जीबी चोरीचे नव्हते. रॅम कमी पडली की विंडोज वापरतं ती पेजफाइल होती, बिघाड झाला तर मागं जायला ठेवलेले रिस्टोअर पॉइंट होते, आणि हायबरनेशनची (उघडं काम डिस्कवर साठवून संगणक बंद करायची सोय) साधारण ३ जीबीची फाइल होती. ही फाइल रॅमच्या चाळीसेक टक्के असते. भाचा म्हणाला, हायबरनेशन बंद कर, तेवढी जागा सुटेल. मी नाही म्हटलं. आमच्याकडे गुरुवारी वीज जाते, आणि तोपर्यंत उघडी पडलेली सतरा पानं जशीच्या तशी परत मिळतात ती याच फाइलीमुळं. तीन जीबी हे त्याचं भाडं समजायचं.

आता आठ महिन्यांच्या वापराबद्दल. महिन्यातून एकदा, बहुधा एक तारखेला, नकाशा काढून बघते. पहिल्याच वेळी कोरलड्रॉ या मांडणीच्या सॉफ्टवेअरच्या आपोआप बनलेल्या 'बॅकअप ऑफ' फायली ११ जीबी निघाल्या. छापून विकूनसुद्धा झालेल्या अंकांच्या! त्या गेल्या. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा दिवाळीची धांदल उरकून नोव्हेंबरात ११ वर गेले. दुसऱ्या दिवशी नकाशात 'विंडोज ओल्ड' नावाचा भलामोठा ठोकळा. तो हातानं उपटायचा नाही. जुन्या आवृत्तीवर परतायची सोय म्हणून तो असतो आणि दहा दिवसांनी आपोआप जातो. घाई असेल तर डिस्क क्लीनअपमधून काढावा. मी थांबले, गेला.

विंडोजच्या स्वतःच्या फायलींच्या 'विनएसएक्सएस' फोल्डरपाशी मात्र माझ्यासारख्यांनी खास सांभाळून असावं. ते प्रचंड दिसतं, पण त्यातल्या पुष्कळ फायली हार्ड लिंक असतात. एकच फाइल दोन जागी दिसते आणि एक्सप्लोरर ती दोनदा मोजतो. आत हात घालून काही उडवलं तर विंडोजच बसेल. तसंच 'साइज'च्या रकान्यावर न जाता 'अलोकेटेड', म्हणजे डिस्कवर खरोखर अडवलेल्या जागेचा, बघावा. क्लाउडवर असलेल्या फायली साइजमध्ये भरघोस दिसतात, प्रत्यक्षात इथं जागा जवळजवळ खात नाहीत. हे कळायच्या आधी मी वनड्राइव्हमधले फोटो काढून टाकायला निघाले होते, आणि ते तिथून गेले असते तर सगळीकडूनच गेले असते.

उणिवा म्हणाल तर दोन. बाहेरचा ड्राइव्ह एक्सफॅट पद्धतीचा असेल तर तिथं ते टेबलच नसतं, त्यामुळं हा वेग मिळत नाही. माझ्या फोटोंच्या ड्राइव्हला बराच वेळ लागतो. आणि हे सॉफ्टवेअर फक्त मोजून दाखवतं. कुठली फाइल कामाची, कुठली फालतू, हे ते सांगत नाही. मला उलट तेच आवडतं. एका क्लिकमध्ये सगळं स्वच्छ करून देतो म्हणणारे क्लीनर मी आधी दोन वापरले होते. दोघांनीही रोज इमानानं कुकीज पुसल्या आणि ११८ जीबीच्या फाइलीला हात लावला नाही.

एक गोष्ट मला उशिरा कळली. विझट्री फुकट आहे ते व्यक्तिगत वापरासाठी, व्यवसायासाठी परवाना घ्यावा लागतो. माझा संगणक घरात असला तरी त्यावरच्या कामाची बिलं मी फाडते, तेव्हा पळवाट काढणं पटेना. म्हणून जानेवारीपासून या संगणकावर विनडर्स्टॅट हे त्याच प्रकारचं सॉफ्टवेअर आहे. ते मुक्तस्रोत आहे, कामासाठीही चालतं. माझ्याकडे त्याला जास्त वेळ लागतो, चहा उकळेपर्यंत म्हणा, पण नकाशा तसाच येतो. महिन्यातून एकदाच बघायचं तर तेवढा वेळ चालतो. विझट्री आता आईच्या लॅपटॉपवर आहे, तिथं व्हॉट्सअ‍ॅपवरच्या सुप्रभातांचा एक स्वतंत्र ठोकळा असतो.

वही अजून चालू आहे, पण आता रोज नाही, दर सोमवारी. या सोमवारी ९४ मोकळे होते, गेल्या सोमवारी ९५. प्रिंटर अजून माळ्यावरच आहे. भंगारवाल्यानं दोनशे सांगितले, मी तीनशेवर अडून बसलेय.