नौपाड्यातलं ट्रेकवाल्यांचं दुकान आणि आमचे दोन रिकामे दिवस

सप्टेंबर २०२४ मध्ये आम्ही नऊ जण हिमाचलमधल्या मनालीहून हम्प्ता पास या खिंडीच्या ट्रेकला निघालो. सात जण पास ओलांडून पलीकडे लाहौलमध्ये उतरले, दोघं जीपने अटल बोगद्यातून आले आणि सातव्या दिवशी दुपारी नऊच्या नऊ जण मनालीत एका टेबलावर राजमा-चावल खात बसलो होतो. हे जसं घडलं तसं घडण्यामागे ठाण्यातल्या एका छोट्या दुकानाचा फार मोठा वाटा आहे, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

दुकान नौपाड्यात आहे, गोखले रोडच्या मागच्या गल्लीत, जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर. एक जोडपं चालवतं. सगळे त्यांना दादा आणि ताई म्हणतात. हे लोक स्वतः ट्रेक नेत नाहीत. तुमच्या ग्रुपची आखणी करून देतात, सराव करून घेतात, सामान भाड्याने देतात आणि मनालीतल्या स्थानिक मंडळींशी गाठ घालून देतात. आखणीचे माणशी सातशे रुपये घेतले. त्यात तीन बैठका आणि एक सरावाचा ट्रेक आला.

पहिल्या बैठकीला आम्ही घरी केलेली यादी घेऊन गेलो होतो. मी, आमचे हे, दीर, जाऊ, नणंद, तिचे यजमान, त्यांचा मुलगा म्हणजे माझा चोवीस वर्षांचा भाचा, आणि बँकेतल्या माझ्या दोन मैत्रिणी. सात दिवसांत हम्प्ता पास, चंद्रताल सरोवर, कुंझुम खिंड ओलांडून स्पितीतलं काझा, तिथला की गोम्पा हा मठ, आणि परत येताना सोलांगला पॅराग्लायडिंग. दादांनी कागद शांतपणे वाचला आणि पेन्सिलीने काझा, की गोम्पा आणि पॅराग्लायडिंगवर काट मारली. दिरांचा चेहरा पडला. एवढे पैसे आणि एवढी रजा खर्चून जायचं आणि अर्धंच बघायचं, असं ते बोललेही. दादांनी त्यावर वाद घातला नाही. प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला, "आजवर सगळ्यात उंच कुठे झोपला आहात?"

आमच्या घरात या प्रश्नाला उत्तर आहे. २०११ मध्ये आम्ही दोघं लेहला गेलो होतो, विमानाने, एका टूरबरोबर. समुद्रसपाटीवरून उठून दोन-तीन तासांत साडेतीन हजार मीटरवर. दुसऱ्याच दिवशी खारदुंगला ही त्याहून उंच खिंड ठेवली होती. यांचं डोकं पहिल्या संध्याकाळपासून दुखत होतं, प्रवासाने झालं असेल म्हणून क्रोसिन घेऊन गप्प राहिले, आणि मध्यरात्री उलट्या सुरू झाल्या. लेहच्या हॉस्पिटलात ऑक्सिजन लावून बसलेले हे मला अजून दिसतात. टूरवाल्यांनी सकाळी विचारलं की तुमची खारदुंगलाची सीट रिकामी धरायची का. त्यानंतर डोंगरात जायचं नाव काढलं की माझ्या पोटात गोळा येई.

हे सगळं दादांनी मधे न बोलता ऐकून घेतलं. मग वहीचं कोरं पान घेऊन उंची लिहीत गेले. मनाली साधारण दोन हजार मीटर. जोब्रापर्यंत जीप, तिथून चालत चिका हा पहिला तळ, साधारण एकतीसशे. पुढचा तळ बालू का घेरा, छत्तीसशेच्या आसपास. पास ४,२७० मीटर. तीन हजारांच्या वर गेलं की झोपायची जागा रोज पाचशे मीटरहून जास्त वर न्यायची नाही आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस न चढता काढायचा, हा डॉक्टर मंडळींचा सर्वमान्य नियम. मनालीहून थेट चिका म्हणजे एका दिवसात हजार मीटर, म्हणून मनालीत आधी एक पूर्ण दिवस. आणि बालू का घेऱ्याला, जिथे बहुतेक ग्रुप एक रात्र काढून पासवर जातात, तिथे दोन रात्री. शिवाय परतीच्या आधी मनालीत २९ तारीख रिकामी. तिचं कारण त्यांनी वेगळं दिलं. जुलै २०२३ मध्ये बियास नदीला पूर आला, मनालीचा रस्ता जागोजागी वाहून गेला आणि पर्यटक अडकून पडले. डोंगरातला रस्ता आपल्या परतीच्या तिकिटासाठी थांबत नाही, म्हणाले.

तर काझा गेलं आणि दोन रिकामे दिवस आले, एक बालू का घेऱ्याला आणि एक २९ चा. पैसे आम्ही खरं तर या दोन दिवसांचे दिले, असं मी आज म्हणेन.

तारखा ठरवतानाही त्यांचा हात लागला. जूनमध्ये पासवर बर्फ असतो आणि गर्दीही, जुलै-ऑगस्टमध्ये कुलूच्या बाजूला पाऊस आणि दरडी. मान्सूनची परतीची वाटचाल वायव्य राजस्थानातून १७ सप्टेंबरच्या सुमाराला सुरू होते, त्यामुळे वीस तारखेनंतर आकाश उघडायला लागतं आणि ऑक्टोबरच्या कडक थंडीच्या आधी हातात जेमतेम तीन आठवडे मिळतात. त्या वर्षी अनंत चतुर्दशी १७ ला होती, सोसायटीचा गणपती विसर्जन करून २० तारखेच्या शुक्रवारी निघता येत होतं. पण लगेच पितृपक्ष. सासूबाईंना ते पटेना. त्यांचं म्हणणं मला चुकीचं वाटत नव्हतं, सासऱ्यांचं श्राद्ध आम्ही सर्वपित्रीला करतो. ताईंनी पंचांग काढलं, अमावास्या २ ऑक्टोबरला. "एक तारखेला सकाळी तुम्ही घरात असाल, आई," असं त्यांनी फोनवर सासूबाईंना सांगितलं. ट्रेकच्या दुकानातल्या बाईने सासूबाईंशी बोलून माझं काम हलकं करावं, हे मला फार मोलाचं वाटलं.

रेल्वेचं तिकीट तेव्हा १२० दिवस आधी निघायचं, म्हणून मेमध्येच कल्याणहून राजधानी काढली. नोव्हेंबर २०२४ पासून ही मुदत ६० दिवसांवर आली आहे, हे आता जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा. दिल्लीहून रात्रीची व्होल्वो.

सराव. जूनपासून आठवड्यातून चार दिवस इमारतीचे जिने, पाठीवर पाच किलो तांदूळ घातलेली सॅक घेऊन. रविवारी पहाटे येऊर. तिथे चढ फार नाही, पण ओल्या मातीत पाऊल कसं टाकायचं ते कळतं. ऑगस्टमध्ये बारी गावातून कळसूबाई, १,६४६ मीटर, भर पावसात. ताई आमच्याबरोबर होत्या आणि पूर्ण वेळ सगळ्यात मागे चालत होत्या, माझ्या जावेबरोबर. लोखंडी शिड्यांवर जाऊ थबकली तेव्हा त्यांनी घाई केली नाही, मागच्या लोकांना आधी जाऊ दिलं. उतरल्यावर ताईंनी प्रत्येकाचे बूट काढायला लावून पायाची बोटं तपासली. दोघांचे बूट बदलायला सांगितले, कारण उतारावर अंगठा पुढे आपटत होता. दुकानात विकायला बूट असूनही त्यांनी आपलेच घ्या असा आग्रह धरला नाही.

सामानाचं सांगायचं तर डाऊन जॅकेट, काठ्या, पोंचो, हेडलॅम्प भाड्याने घेतले, माल स्वच्छ होता. बर्फावर चालायचे काटे लागतील का विचारलं तर सप्टेंबरअखेर गरज नाही म्हणून दिलेच नाहीत. ताईंची एक सूचना मात्र सोन्यासारखी: मेतकूट आणि लिंबाचं लोणचं न्या. उंचावर भूक मरते, जेवण पुढे आलं की नको होतं. बालू का घेऱ्याला तंबूत गरम मऊ भात, मेतकूट आणि थोडं तूप, एवढंच आम्ही सगळे दोन दिवस मनापासून जेवलो.

डोंगरावरच्या औषधांबद्दल दादांनी हात वर केले, आणि ते बरोबर होतं. डायमॉक्स या उंचीच्या त्रासावरच्या गोळीबद्दल स्वतःच्या डॉक्टरांना विचारा, मी गोळी सांगणार नाही. मला सल्फाची ॲलर्जी आहे आणि ही गोळी सल्फोनामाइड गटातली, हे मला आमच्या डॉक्टरांकडेच कळलं.

आता तिसऱ्या बैठकीतल्या कागदाबद्दल. एक पानाचा, लॅमिनेट केलेला, प्रत्येकाला एक प्रत. वरच्या अर्ध्या भागात रोजच्या रोज काय बघायचं ते: डोकं दुखतंय का, आणि त्याच्याबरोबर मळमळ, गरगरणं, खूप थकवा यातलं काही आहे का. असेल तर वर जायचं नाही. विश्रांतीनंतरही उतार नसेल तर खाली. सरळ रेषेत टाचेला बोट लावून चालता येत नसेल तर लगेच खाली, रात्र असली तरी. खालच्या भागात आमच्या जोड्या: कोण आजारी पडलं तर कोण बरोबर उतरेल. नऊ माणसं, म्हणून तीन जोड्या आणि एक त्रिकूट. भाच्याच्या पुढे त्याच्या वडिलांचं नाव. प्रत्येकाने आपल्या नावापुढे सही करायची. जोब्राच्या पुढे फोन लागत नाही आणि सॅटेलाइट फोन आपल्याकडे परवानगीशिवाय वापरता येत नाही, त्यामुळे वर गेल्यावर कुणाला विचारता येणार नाही, जे ठरवायचं ते इथेच ठरवा, असं दादा म्हणाले. भाचा जिममध्ये जाणारा, कळसूबाईला सगळ्यांच्या पुढे. त्याने हसत सही केली.

२४ तारखेला संध्याकाळी बालू का घेऱ्याला त्याचंच डोकं दुखायला लागलं.

रात्री तो काहीच बोलला नाही. सकाळी चहा ओकला तेव्हा कळलं. यांनी त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं, आम्हाला दोघांनाही लेह आठवत होतं. तो रिकामा दिवस होता, कुठे जायचं नव्हतं. दुपारपर्यंत वाट बघितली, पाणी देत राहिलो, हळूहळू चालवून पाहिलं. चाल नीट होती, पण डोकं उतरलं नाही आणि पुन्हा उलटी झाली. तो म्हणत होता, "मामी, उद्यापर्यंत बरं होईल, मला पास बघायचाच आहे." नणंद रडवेली झाली. एरवी आमच्या घरात अशा वेळी सात मतं पडली असती. नणदेच्या यजमानांनी खिशातून तो कागद काढला, स्वतःचं नाव बघितलं आणि सॅक भरायला घेतली. एक गाइड बरोबर, दोघं तीनच्या आत चिकाकडे उतरले आणि रात्री मनालीत होते. चिकाच्या खाली उतरल्यावरच त्याचं डोकं हलकं झालं होतं, असं त्याने नंतर सांगितलं. धडधाकट शरीर आणि उंची सोसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे दादांनी बैठकीत सांगितलं होतं, पण तरण्या मुलाच्या बाबतीत ते कुणाच्या मनात उतरत नाही.

२६ ला आम्ही सात जण पासवर पोहोचलो. कुलूच्या बाजूला गवत पिवळं-तांबूस झालेलं, खाली भूर्जाच्या झाडांची पानं सोन्यासारखी, आणि पास ओलांडला की समोर झाडाचं नावही नाही, नुसते करडे-तपकिरी कडे. जाऊ, जिला आम्ही सगळे जपत होतो, ती तिथे उभी राहून बराच वेळ काही बोलली नाही. पासच्या पलीकडे शिया गोरूच्या तळावर रात्री तंबूवर बर्फाचा पापुद्रा धरला. सकाळी ओढा ओलांडताना पाय अक्षरशः बधिर झाले.

छत्रूला उतरलो तर रस्त्याच्या कडेला भाचा आणि त्याचे वडील उभे! दादांच्या आखणीत ही वाटही लिहिलेली होती: खाली आलेला माणूस मनालीहून अटल बोगद्याने छत्रूला जीपने येऊ शकतो, आणि चोवीस तास डोकं दुखलं नसेल तर चंद्रताल दिवसाचा करून येऊ शकतो, मात्र तिथे झोपायचं नाही. त्यामुळे चंद्रतालच्या फोटोत आम्ही नऊही जण आहोत.

२९ चा रिकामा दिवस पुराच्या कामी आला नाही. वशिष्ठच्या गरम पाण्याच्या कुंडात पाय सोडून बसलो, कपडे वाळवले. १ ऑक्टोबरला सकाळी कल्याण, दुसऱ्या दिवशी घरी श्राद्ध.

तक्रारीही आहेत आणि त्या लिहायलाच हव्यात. दुकानाचा फोन दुपारी कधीच उचलला जात नाही, संध्याकाळी सातनंतरच करा. माझ्या मैत्रिणीच्या स्लीपिंग बॅगची चेन पहिल्याच रात्री अडकली. दुकानात घेताना ती उघडून-लावून दाखवली नव्हती, आणि थंडीत तिने दोन जॅकेटं घालून रात्र काढली. परत आल्यावर त्यांनी त्या बॅगेचं भाडं माफ केलं, पण असं व्हायलाच नको होतं. डिपॉझिट परत यायला सव्वीस दिवस लागले, मला तीनदा आठवण करावी लागली. बैठका गुरुवारी रात्री साडेआठला ठेवतात, मुलुंड-डोंबिवलीहून येणाऱ्यांना ते अवघड जातं.

जाणार असाल तर पहिल्या बैठकीला ग्रुपमधले सगळे जा, एकट्या ग्रुपलीडरला पाठवू नका, कारण जोड्यांचा कागद समोरासमोरच ठरतो. सगळ्यांच्या आजारांची आणि गोळ्यांची यादी घरूनच लिहून न्या. सामान घेताना प्रत्येक चेन स्वतः उघडून बघा. आणि दादांनी तुमच्या यादीवर पेन्सिलीने काट मारली तर ती पुसायला सांगू नका.