अर्धवट पडलेली गोधडी: हाताने पूर्ण करायची, मशीनवर की शिवायला द्यायची? आणि जुनं कापड कुठून आणायचं?

माझ्या मामेबहिणीने मागच्या आठवड्यात फोन केला, म्हणे ताई गोधडीचा वरचा थर तुकडे जोडून दोन वर्षं झाली, कपाटात पडून आहे, आता मशीन मारू का कोणाकडे देऊ, आणि खाली लावायला कापड पण नाही माझ्याकडे. असे अर्धवट थर किती तरी घरात पडलेले असतात म्हणून जरा सविस्तर लिहून राहिली. मी तिन्ही पद्धतीने गोधड्या पूर्ण केल्यात, आणि माझं म्हणणं एवढंच आहे की हाताने का मशीनने हे आपल्या हौसेवर नाही, कापडावर ठरवायचं.

थर पसरा आणि हात फिरवून बघा. नेसून नेसून मऊ झालेल्या सुती साड्या, लुगडी, धोतर असं असेल तर सुई सरसर जाते, तिथे हातच बरा, मशीनची टीप त्या मऊ कापडाला कडक करून टाकते. पण टेलरकडच्या कतरनीचे लहान लहान तुकडे असतील तर प्रत्येक शिवणीवर तीन पदर होतात आणि चार तुकडे जिथे भेटतात त्या कोपऱ्यात तर किती तरी जास्त, त्यात टेरिकॉट (पॉलिस्टर मिसळलेलं कापड) आलं की सुई अडते, अंगुस्ताना घातला तरी बोट ठणकतं. सुती का टेरिकॉट हे कळत नसेल तर एक धागा काढून जाळा. सुती धागा कागदासारखा जळतो, राख बोटाने चुरगळते, पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो.

हाताने करायचं ठरलं तर एक गोष्ट नक्की लक्षात ठेवा. वरचा थर आधीच जोडलेला असेल तर वरचा, आतला, खालचा असे तिन्ही थर चटईवर ताणून पसरा, वीतभर अंतरावर कच्ची टाच (नंतर उसवायचे मोठे टाके) घाला आणि धावदोरा मधून सुरू करून बाहेर न्या, म्हणजे झोळ काठाकडे सरकत जातो. माझी आजी उलटं करायची, काठापासून सुरू करून चौकोनी फेरे घेत मध्यभागी यायची, आणि तिची वाकळ कधी फुगली नाही. मला हे कोडं बरेच दिवस सुटलं नव्हतं, मग लक्षात आलं की ती वरचा थर आधी जोडतच नव्हती, तुकडा ठेवायची, कड दुमडायची, शिवायची, मग पुढचा तुकडा, म्हणजे झोळ जमायला जागाच नाही. कर्नाटकातल्या सिद्दी समाजाच्या बायकांची गोधडी, कवंदी, पण अशीच काठाकडून आत येते, आणि यात काठाला वेगळी पट्टी लावायचं काम उरत नाही. जोडलेला थर नसेल, नुसते तुकडेच असतील, तर मी हीच पद्धत सांगीन. वेळ मात्र लागतो, मला सिंगल गोधडीला रोज दुपारी तासभर बसून अडीच महिने लागले.

मशीनवर तेच काम दोन रविवारात झालं. सोळा नंबरची सुई लावा, टाका मोठा ठेवा, शिलाई सरळ रेषेतच मारा. खालचे दात खालचं कापड पुढे ओढतात आणि वरचं मागे राहतं, म्हणून चुण्या पडतात, त्याला वॉकिंग फूट (वरचं कापडही सोबत पुढे नेणारा मशीनचा पाय) मिळाला तर उत्तम, नाहीतर मशीनच्या पायाचा कापडावरचा दाब कमी करा आणि टाच जवळ जवळ घाला. ज्यांना दोन्ही जमत नाही त्यांनी मुठीएवढ्या अंतरावर जाड दोऱ्याच्या गाठी मारल्या तरी गोधडी होते, टेरिकॉटच्या थराला हे छान चालतं.

बाहेर शिवायला देणं सोपं वाटतं. मी एकदा दिली, फक्त "जाड करा" एवढंच बोलली, आणि आत पॉलिस्टरचा फोम घालून आली, आजीच्या हिरव्या लुगड्याचे तुकडे होते त्यात, आजही अंगावर घेतली की घाम येतो आणि मन खट्टू होतं. तेव्हा आतलं कापड आपलं द्या, रेषा खडूने आखून द्या, दोन रेषांत किती बोटं अंतर ते बोलून घ्या. आपल्या नागपुरात फार जाड लागतही नाही, 2018 च्या डिसेंबरात पारा साडेतीन अंशावर गेला होता तसे दिवस मोजके, सुतीचे तीन थर पुरतात, कूलरसमोर झोपायला तर दोनच.

आता कापड. घरची जुनी साडी सगळ्यात चांगली. पाचवारी साडी मधून कापून दोन तुकडे काठाला काठ जोडले की साधारण 90 इंच रुंद, 108 इंच लांब असा एक अख्खा थर निघतो. आधी उजेडासमोर धरून बघा, विरलेली असेल तर ती आतल्या थरात घाला, वर नको. घरात नसेल तर जुन्या कपड्यांवर भांडे देणारी बाई गल्लीत येते तिला सांगून ठेवा, सुती साड्या तिच्याकडे भरपूर जमतात, मला तिने दोन वेळा छान साड्या विकत दिल्या. महाल, इतवारीच्या जुन्या घरांमध्ये कोणी घर बदलत असेल तर पेटीतल्या चादरी विचारा. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल इथे 1877 मध्ये सुरू झाली, आता ती बंद पडून त्या जागेवर मॉल आहे, पण त्या मिलची एक चादर आमच्याकडे अजून आहे आणि तिचं सूत आजही घट्ट आहे.

टेलरची कतरन रंगाला सुंदर, पण सगळं मिसळलेलं असतं, निवडायला वेळ द्या. लाल आणि मरून तुकडे ओल्या पांढऱ्या चिंधीत दाबून ठेवा, रंग उतरला तर बाजूला काढा, माझ्या एका पांढऱ्या मलमलवर लाल ब्लाउजपीसचे डाग पडले ते गेलेच नाहीत. गांधीबागेत कटपीस किंवा मांजरपाट (जाडंभरडं कोरं सुती कापड) घेणार असाल तर नवं असल्यामुळे आटतं, एकदा धुऊनच वापरा.

मामेबहिणीने काल थर आणून दाखवला. अर्धे तुकडे टेरिकॉटचे निघाले, म्हणून तिला मशीनच सांगितलं, खाली तिच्या सासूबाईंची निळी सुती साडी लावून राहिलो आम्ही, आणि त्या साडीचा काठ कापून ठेवलाय, तोच चारी बाजूंनी पट्टी म्हणून जाणार.