गंगोत्री–गोमुख ट्रेक: परवाना, वाट आणि भोजबासाचा मुक्काम

गंगोत्रीहून गोमुख, म्हणजे गंगोत्री हिमनदीचे मुख, १८ किलोमीटर. वाट ठळक, चढ संथ, हरवायला फारशी जागा नाही. म्हणून ट्रेक कंपन्या हा ट्रेक ‘नवशिक्यांसाठी’ म्हणून विकतात आणि दोन दिवसांत बसवतात: पहिल्या दिवशी १४ किलोमीटर चालून भोजबासा, दुसऱ्या दिवशी पहाटे गोमुख बघून थेट गंगोत्री. हे दोन दिवसांचे पॅकेज घेऊ नका.

कारण उंचीचे आहे. गंगोत्री सुमारे ३,१०० मीटरवर, भोजबासा सुमारे ३,८०० मीटरवर. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असा सर्वमान्य नियम आहे. इथे एका दिवसात ७०० मीटर वाढतात, आणि ते टाळायला मधे राहण्याची सोय नाही. आदल्या रात्री माणूस उत्तरकाशीत, म्हणजे ११५० मीटरच्या आसपास झोपलेला असेल तर धोका आणखी वाढतो. सह्याद्रीत घडलेल्या मंडळींना हे जास्त सांगावे लागते. कळसूबाई १,६४६ मीटर. तिथे कमावलेला दम आणि गुडघे इथे कामी येतात, पण त्यांच्या जोरावर माणूस भराभर चालतो आणि संध्याकाळी भोजबासाला डोके धरून बसतो. विरळ हवेची सवय व्हायला वेळच द्यावा लागतो, त्याला व्यायामाचा पर्याय नाही.

मग वेळापत्रक कसे हवे? एक रात्र हर्षिलला (सुमारे २,६०० मीटर), दोन रात्री गंगोत्रीला. मधल्या दिवशी वन खात्याच्या कनखू चौकीपर्यंत, म्हणजे जवळपास दोन किलोमीटर, हळू चढून परत यावे. नंतर भोजबासाला दोन रात्री, आणि मधल्या दिवशी गोमुख. एका रात्रीत उरकायचे तर परतीच्या दिवशी गोमुखचे चार अधिक चार आणि खाली गंगोत्रीपर्यंत चौदा, असे २२ किलोमीटर पायाखाली येतात. डायमॉक्स (उंचीचा त्रास टाळायची गोळी) घ्यायची तर घरीच डॉक्टरांना विचारून. सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असलेल्यांनी हे आवर्जून सांगावे.

परवान्याबद्दल गोंधळ होतो तो इथे: चारधाम यात्रेची नोंदणी वेगळी, गंगोत्री राष्ट्रीय उद्यानाचा परवाना वेगळा. पहिली असली म्हणजे दुसरा आपोआप मिळत नाही. उद्यान १९८९ सालचे आहे आणि गोमुखच्या वाटेवर दिवसाला १५० माणसांनाच सोडतात. ही मर्यादा आम्हाला या ट्रेकची सगळ्यांत चांगली गोष्ट वाटते, पण मे-जूनच्या शनिवार-रविवारी तिचा फटका बसतो. परवाना उत्तरकाशीच्या कार्यालयातून, गंगोत्रीतून किंवा ऑनलाइन काढता येतो. गंगोत्रीला पोचून बघू असे ठरवणारे बरेचजण एक दिवस घालवतात. भारतीयांना दोन दिवसांचे शुल्क कित्येक वर्षे १५० रुपये होते, निघण्यापूर्वी ताजा दर बघून घ्या. ओळखपत्राच्या तीन-चार झेरॉक्स आणि डॉक्टरांचे फिटनेस प्रमाणपत्र जवळ ठेवा. कनखूला पिशवीतले प्लास्टिक मोजून नोंदवतात, म्हणून चिक्की-बिस्किटांची वेष्टने घरीच काढून सगळे एका डब्यात भरावे. मोजदादही कमी, कचराही कमी.

आता वाट. जाताना भागीरथी उजव्या हाताला खाली आणि डोंगर डाव्या हाताला, असे जवळपास शेवटपर्यंत. नवव्या किलोमीटरवर चीडबासा, पाइनच्या झाडांची शेवटची चांगली सावली. चहा-मॅगीची टपरी मिळेल या भरवशावर राहू नका, दुपारचे जेवण बांधून न्या. खरी काळजी दोन जागांची. एक चीडबासाचा नाला. त्याच्यावरचा लाकडी पूल दर पावसाळ्यात धोक्यात असतो. जुलै २०२४ मध्ये तो वाहून गेला, दोन यात्रेकरू बुडाले आणि पलीकडे अडकलेल्यांना बचाव पथकाने बाहेर काढले. बर्फ वितळून येणारे हे नाले सकाळी कमी असतात, दुपारनंतर फुगतात. म्हणून सकाळी सहाला निघायचे, नऊ-साडेनऊच्या पुढे रेंगाळायचे नाही. दुसरी जागा चीडबासा ते भोजबासामधला गीला पहाड. सुटी माती आणि दगडांचा उतार आहे, आणि वर चरणाऱ्या भरलांच्या (हिमालयातल्या रानमेंढ्यांच्या) पायांनी दगड सुटतात. भरल बघून लोक नेमके तिथेच फोटोसाठी थांबतात. तिथे एकापाठोपाठ एक, अंतर ठेवून, न थांबता जायचे. फोटो पुढे भोजबासाला मिळतील, भरल तिथेही भरपूर.

भोजबासाला मुक्कामाचे मुख्य पर्याय दोन: गढवाल मंडल विकास निगमचे विश्रामगृह आणि लालबाबांचा आश्रम. निगमकडे डॉर्मिटरी आणि तंबू. खाटा मोजक्याच, म्हणून परवान्याच्या तारखेलाच आरक्षण जुळवून घ्या. दोन्ही तारखा जुळल्या नाहीत तर दोन्हीही वाया जातात. सोय साधी, जेवण खिचडी-डाळ-भात-रोटी. इथे पाणी ८७-८८ अंशांनाच उकळते, डाळ पटकन शिजत नाही, त्यामुळे फर्माईशी नकोत. आश्रमात पंगतीचे साधे जेवण आणि गोधड्या. पैशांचा हिशेब मांडत बसू नये, निघताना मनापासून द्यावे. झोपेची काळजी असलेल्यांना निगम, माणसांमध्ये रमणाऱ्यांना आश्रम. दोन्हीकडे स्वतःची उणे पाच अंशांची झोपण्याची पिशवी न्याच. ऑक्टोबरात रात्री नळ गोठतात. रेंज धरू नका, पॉवर बँक अंगाजवळ ठेवून झोपा.

पाण्याचे एक. भागीरथीचे पाणी करडे दिसते ते बर्फाने दळलेल्या दगडाच्या पिठामुळे. ते पीठ फिल्टरची छिद्रे बुजवते. बाटली झऱ्याच्या स्वच्छ पाण्यानेच भरा, क्लोरिनची गोळी टाका आणि थंड पाण्यात नेहमीच्या दुप्पट वेळ थांबा.

नावाप्रमाणे भोजबासा एकेकाळी भूर्जवृक्षांचे होते, ती झाडे सरपणात गेली. गिर्यारोहक हर्षवंती बिष्ट यांनी वर्षानुवर्षे इथे रोपे लावली आणि जगवली. कुंपणाआड दिसतील, त्यांच्या सालीला हात लावू नका.

गोमुखावर पहिल्यांदा येणाऱ्यांचा थोडा विरस होतो, कारण बर्फ पांढरा नसून मातीने काळवंडलेला असतो आणि मुखाचा आकार दरवर्षी बदलतो. सुमारे तीस किलोमीटर लांबीच्या हिमनदीचे हे टोक आहे, ते मागे सरकत आहे आणि त्याचे तुकडे अचानक सुटतात. वन खात्याने ठरवलेल्या अंतराच्या आत, पाणी भरायलासुद्धा, जाऊ नये. गोमुखच्या वरच्या तपोवन कुरणाचा परवाना वेगळा, गाईड सक्तीचा. त्या वाटेला भोजबासाजवळ हाताने ओढायच्या ट्रॉलीतून नदी ओलांडतात.

जाण्याचा काळ मेचा मध्य ते जूनचा मध्य, किंवा सप्टेंबरचा मध्य ते ऑक्टोबरचा मध्य. पावसाळा टाळा. उत्तरेकडचा श्रावण आपल्याहून पंधरा दिवस आधी सुरू होतो, तेव्हा कावडवाल्यांची गर्दी असते. रस्ताही नाजूक: वाटेवरच्या धराली गावाचा मोठा भाग ५ ऑगस्ट २०२५ च्या पुरात गाडला गेला, त्याच मार्गाने गंगोत्री गाठायची. परतीचे तिकीट दोन दिवस मोकळे ठेवून काढा.

पोर्टर घेतलात तर निघण्यापूर्वी त्याच्याकडे बूट, जाकीट आणि पांघरूण आहे का ते बघा, आणि एका माणसावर पंधरा किलोपेक्षा जास्त टाकू नका. पैसे ठरवताना भोजबासाच्या जेवणाचा आणि झोपण्याचा खर्च कोणाचा, हेही त्याच वेळी बोलून घ्या.